फाट्यापासून घरापर्यंत
(महिला दिनी सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘मुलींची सुरक्षितता’ हा विषय दिलाय. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मिळून मी एकोणतीस वर्षं शिकवलं. तेव्हा लांबचं नाही, इथलंच सांगते.

आपल्याकडे मुलीचं शिक्षण पुष्कळदा गाडीच्या वेळेवर ठरतं. शहापूरकडे निदान आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनं आहेत. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणला जायचं तर रस्त्यानेच. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं. पण ही सवलत एसटीत आहे, जीपमध्ये नाही. संध्याकाळची एसटी चुकली की पोरगी फाट्यावर उभी. जीपवाला सीटा भरल्याशिवाय हलत नाही. उतरल्यावर पुन्हा पाड्यापर्यंत पायी, आणि पावसाळ्यात तर सहालाच अंधारून येतं.

माझी एक विद्यार्थिनी, ठाकूर समाजातली, दहावीला गणितात वर्गात पहिली. अकरावीला तालुक्याच्या गावी नाव घातलं. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. घरी गेले तर आई म्हणाली, “बाई, फाट्यावर पोरं उभी असतात. काय झालं तर कोणाला सांगू?” काही झालेलं नव्हतं हो! होईल या भीतीनेच कॉलेज सुटलं. अशा मुलीची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात होत नाही. सातच्या आत घरात, हे आपणही आपल्या लेकींना सांगतोच. क्लास मात्र साडेसातला सुटतो.

१९८९ साली कॅनडात, टोरांटोला मेट्रॅक नावाच्या संस्थेने एक साधी पद्धत काढली. बायकांनीच आपल्या नेहमीच्या वाटेने चालायचं आणि भीती कुठे वाटते ते लिहायचं. दिवा आहे का, झाडी किती, हाक मारली तर ऐकणारं कोण. पुढे दिल्लीतही अशा पाहण्या झाल्या. याला वही-पेन पुरतं.

आता आपल्या गेटाकडे येते. कॅमेरे बसवले, छान केलं. पण कोपऱ्यावरच्या वळणाला दिवा नाही. कॅमेरा झालेलं दाखवतो, दिवा आधी उपयोगी पडतो. संध्याकाळी आवारात मुलगे क्रिकेट खेळतात. मुली साधारण पाचवी-सहावीपर्यंत दिसतात, मग कुठे जातात? आणि आईबरोबर धुण्याभांड्याला येणाऱ्या पाड्यावरच्या पोरी! त्यांना वॉचमनचा संडास वापरावा लागतो, त्याला आतून कडी नाही. ही कडी बसवायला किती खर्च येतो, हे खजिनदारांनीच सांगावं.

तर माझी विनंती अशी. येत्या शनिवारी अंधार पडल्यावर आपल्या मुलींनी गेटापासून रिक्षा स्टँडपर्यंत चालून यावं. त्या कामाच्या पोरींनाही सोबत घ्यावं. त्यांच्या घरची वाट पुढे आहे, त्यांना जास्त ठाऊक. आपण मोठ्यांनी मागून चालायचं, मध्ये बोलायचं नाही. वही त्यांच्या हातात. जे लिहून येईल ते पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावं. तोवर मुलांच्या मदतीचा १०९८ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर लिफ्टजवळ मोठ्या अक्षरात लावूया. कडीचं मात्र उद्याच बघा.