काचबिंदू आणि औषधोपचारातील सातत्य

(कळंबा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाची संहिता)



मी डॉक्टर नव्हे. माहिती खात्यातील एक अधिकारी या नात्याने, वैद्यकशास्त्राला जे निश्चितपणे ठाऊक झाले आहे ते आपल्या बोलीत आपल्यापर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. आजचा विषय म्हणजे तळहातात सहज मावणारी औषधाची एक बाटली होय. ती घरात असते, डॉक्टरांनी लिहून दिलेली असते आणि पुष्कळदा ती देवळीत नुसती पडून असते. ती पडून राहिल्यामुळे माणसाची दृष्टी कशी जाते, आणि ती जाऊ नये म्हणून गावाला काय करता येईल, याचा विचार आपण करू.

प्रारंभीच एका शब्दाच्या घोटाळ्याकडे लक्ष वेधतो. आपल्या भाषेत डोळ्याच्या दोन विकारांची नावे जुळ्या भावंडांसारखी आहेत : मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावातील या साम्याने फार नुकसान केले आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते काढून नवे बसविले की माणसाला पुन्हा दिसू लागते. ‘मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा’ असे जुने लोक म्हणत. आजच्या शस्त्रक्रियेत तशी वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. पण ते वाक्य घरोघर रुजले आहे आणि काचबिंदूचा रुग्णही त्याच वाक्यावर विसंबून राहतो. ‘बिंदूच आहे ना, पिकला की काढू’ असे तो म्हणतो. काचबिंदू पिकत नाही आणि काढताही येत नाही. त्यात गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. जेवढी शिल्लक असेल तेवढी राखणे हाच त्यावरील उपचार होय.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी आपल्या तलावाकडे पाहावे. कोल्हापूर शहराला पाणी पुरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा कळंब्याचा तलाव पावसाळ्यात भरतो आणि जादा पाणी सांडव्यावरून निघून जाते. सांडवा गाळाने, झुडपांनी तुंबला तर काय होईल, हे येथील शेतकऱ्यांना मी सांगायला नको. पाण्याचा भार बांधावर पडेल. डोळ्यातही एक स्वच्छ जलद्रव अखंड तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या चाळणीसारख्या सूक्ष्म जाळीतून तो निघून जात असतो. ती वाट अडली की डोळ्यातील दाब वाढतो. हा दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या दरम्यान असणे सर्वसाधारण मानले जाते. वाढलेल्या दाबाचा भार डोळ्याच्या मागील दृष्टिमज्जातंतूवर पडतो. या मज्जातंतूतील सुमारे दहा लाख तंतू एकेक करून मरू लागतात. काहींच्या बाबतीत दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही ही हानी होते. तेथेही दाब आणखी उतरविणे हाच उपाय असतो.

विशेष म्हणजे बहुतेकांना हे कळत नाही. एका प्रकारच्या काचबिंदूत डोळा अचानक लाल होतो, असह्य ठणकतो, ओकाऱ्या होतात. तो रुग्ण धावत रुग्णालयात जातो. परंतु अधिक आढळणारा प्रकार मुका आहे. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडून आत आकसत येते आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते. असा मनुष्य तक्त्यावरील शेवटची ओळ वाचू शकतो. फक्त रस्त्याने जाताना बाजूने आलेली बैलगाडी त्याला दिसत नाही. भारतात एक कोटीहून अधिक लोकांना काचबिंदू असावा असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि देशात झालेल्या पाहण्यांत असे दिसले आहे की, ज्यांना हा विकार आहे त्यांतील बहुसंख्यांना त्याचा पत्ताच नसतो.

ज्यांना पत्ता लागला, त्यांच्याविषयी मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे. त्यांच्या हाती औषध आले; ते औषध डोळ्यात पडते का?

अमेरिकेत 1986 मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन या बाबतीत डोळे उघडणारे ठरले. त्या काळी पायलोकार्पिनचे थेंब दिवसातून चार वेळा घालावे लागत. 184 रुग्णांना अशा बाटल्या देण्यात आल्या की बाटली केव्हा वापरली याची नोंद आपोआप होई. रुग्णांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, आम्ही शंभरातील 97 वेळा औषध घातले. बाटलीतील नोंद सांगत होती, 76. तपासणीचा दिवस जवळ आला की मात्र औषध नियमित होई. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणारा विद्यार्थी येथील शिक्षकांना ओळखीचा असेल! म्हणूनच तपासणीच्या दिवशी दाब चांगला आढळतो, डॉक्टर समाधान व्यक्त करतात, आणि मधल्या महिन्यांत मज्जातंतू झिजत राहतो.

पुढे औषधे सुधारली. 1978 मध्ये टिमोलॉल आले, 1996 मध्ये लॅटॅनोप्रॉस्ट आले. चार वेळांच्या ठिकाणी दोन वेळा आणि मग रात्री एकच थेंब पुरेसा झाला. तरी 2009 मधील अशाच एका अभ्यासात, औषध फुकट दिलेले असताना आणि आपल्यावर लक्ष आहे हे रुग्णांना ठाऊक असताना, 100 पैकी सुमारे 45 जणांनी तीन-चतुर्थांशाहून कमी मात्रा घेतल्या. हे शिकलेल्या, सधन देशातले लोक होते. तेव्हा ‘आमचे खेडूत अडाणी म्हणून औषध घेत नाहीत’ असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला मान्य नाही.

खरे कारण औषधाच्या स्वभावातच आहे. तापाची गोळी घेतली की ताप उतरतो. काचबिंदूचा थेंब घातला तर दिसणे सुधारत नाही. उलट क्षणभर चुरचुरते, डोळा लाल होतो. घातला नाही तर उद्या काही बिघडलेलेही दिसत नाही. ज्याचा गुण जाणवत नाही असे औषध जन्मभर घ्यावयाचे, ही मनुष्यस्वभावाची कठीण कसोटी आहे. पण गुण असतो. दाब वाढलेला, परंतु अद्याप हानी न झालेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, थेंब न घेणाऱ्यांपैकी साडेनऊ टक्के लोकांना पाच वर्षांत काचबिंदू झाला. थेंब घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आत राहिले.

या कारणाला आपल्याकडे आणखी काही कारणे येऊन मिळतात. बाटली संपते आणि तालुक्याला जाणे सुगीमुळे लांबते. सांधे आखडलेल्या हाताला बाटली दाबवत नाही. थेंब गालावर ओघळतो आणि ‘घातले’ असे समाधान होते. सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालणारी सून माहेरी गेली की औषधही माहेरी जाते. जोतिबाच्या यात्रेला वा पंढरीच्या वारीला निघताना बाटली घरी राहते. उपवासाच्या दिवशी काही जण थेंबही वर्ज्य मानतात. डोळ्यातील थेंबाने उपवास मोडतो असे मानण्याचे काही कारण नाही.

थेंब घालण्याची रीत सोपी आहे, पण ती कोणी समोर बसून दाखवीत नाही. हात धुवावेत, मान मागे करावी, खालची पापणी किंचित ओढून तयार झालेल्या खळग्यात एक थेंब सोडावा. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. एकाहून अधिक थेंब डोळ्यात मावत नाही. दुसरा वाया जातो आणि बाटली लवकर संपते. नंतर डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध असल्यास मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. कोपरा दाबण्यास महत्त्व आहे, कारण तेथून औषध नाकात आणि नाकातून रक्तात जाते. टिमोलॉलने दम्याच्या रुग्णाचा दमा उसळू शकतो, नाडी मंद होऊ शकते. ज्याला दमा आहे त्याने डोळ्याच्या डॉक्टरांनाही ते आवर्जून सांगावे.

ओघात आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. हा उसाचा जिल्हा. उसाचे पान डोळ्याला लागले, डोळा लाल झाला, की दुकानातून मिळेल ती बाटली आणून घालण्याची सवय पुष्कळांना आहे. त्यांतील काही औषधांत स्टेरॉइड असते. पानाच्या जखमेत ते घातकच. शिवाय महिनोन्‌महिने घातल्यास त्यानेच डोळ्यातील दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. चिठ्ठीशिवाय डोळ्याचे औषध देऊ नये, हे दुकानदारांना सांगण्याचा अधिकार ग्रामसभेला निश्चितच आहे.

ज्याला थेंब खरोखरच झेपत नाहीत, त्याने ते लपवू नये. लेसर किरणांचा उपचार आहे, शस्त्रक्रिया आहे. इंग्लंडमधील 2019 च्या एका अभ्यासात आरंभीच लेसर उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांपर्यंत थेंबांची गरज पडली नाही. डॉक्टरांना खरे सांगितले तरच हे मार्ग खुले होतात. खोटे सांगितले तर ‘औषध लागू पडत नाही’ असे समजून ते आणखी एक बाटली लिहून देतात.

1976 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे मोठे काम देशभर उभे केले, आणि ते योग्यच होते. पण शिबिराने मोतीबिंदू आटोक्यात येतो; काचबिंदूला शिबिर पुरत नाही, त्याला रोजचा दिवस लागतो. तो रोजचा दिवस गावाच्या हाती आहे. आशा कार्यकर्तीजवळ मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांची नोंद असते. तिच्यात काचबिंदूच्या रुग्णांची नावे घालावीत. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत, बाटली कोणाची संपत आली आहे एवढे विचारले तरी पुरे. कोल्हापुरास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात वा जनऔषधी केंद्रात जाणारा एक मनुष्य चौघांच्या चिठ्ठ्या नेऊ शकतो. विचारण्याची पद्धत मात्र सांभाळावी. ‘औषध घेता ना?’ या प्रश्नाला ‘होय’ हेच उत्तर येते. ‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेले, आजी?’ असे विचारले तर खरे उत्तर येण्याचा संभव अधिक.

शिक्षकांकडून एक अपेक्षा आहे. आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू असेल तर त्या घरातील इतरांना तो होण्याची शक्यता बरीच अधिक असते. पालकसभेत हे सांगावे; चाळिशी उलटलेल्यांनी केवळ चष्म्याचा नंबर न काढता डोळ्याचा दाब आणि मज्जातंतूही तपासून घ्यावा. आणि शाळेतील मुलामुलींना थेंब घालण्याची रीत शिकवावी. आजोबांना रात्री निजण्यापूर्वी थेंब घालणारा नातू अनेक घरांत मिळेल.

जाता जाता तपासणीसंबंधी दोन बारीकशा गोष्टी. रुग्णालयात जाताना चालू बाटली बरोबर न्यावी, म्हणजे कोणते औषध चालू आहे याचा घोटाळा होत नाही. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहिलेली असावी, कारण फोडल्यावर बहुतेक औषधे सुमारे महिनाभरच वापरावयाची असतात. आणि तपासणीच्या दिवशी ‘आज डॉक्टरच बघणार आहेत’ म्हणून सकाळचा थेंब टाळू नये. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर तो घालूनच एस. टी.त बसावे.