तू किल्विश हो

(नगर इथल्या युवा मेळाव्यात केलेलं भाषण. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलं आहे.)



विषय तुम्हीच निवडा, असं मला सांगण्यात आलं होतं. मी तो फोनवर कळवला तेव्हा पलीकडे जरा शांतता पसरली. मग हळूच विचारणा झाली, "टीव्ही सिरियलवर?" हो, टीव्ही सिरियलवर. सकाळपासून तुम्ही शिष्यवृत्तीबद्दल ऐकलंत, कायद्याबद्दल ऐकलंत, त्यात आता जेवण झालंय. झोप येणार नाही असा काहीतरी विषय हवा, हे एक कारण. दुसरं कारण बोलता बोलता येईल.

आधी हात वर करा. 'शक्तिमान' कोणी पाहिलंय? मागचे पाहुणे सगळे, पुढची पोरं दोन-तीन. बरं, मग थोडं सांगायला हवं. सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना शक्तिमान व्हायचे. एरवी तोच माणूस जाड चष्मा लावून वर्तमानपत्रात काम करणारा बावळट गंगाधर. शुद्धतावादी म्हणतील, ही विज्ञानकथा नव्हेच. कुंडलिनी, पंचमहाभूतं आणि डॉक्टर जॅकालची प्रयोगशाळा, सगळी मिसळ होती. पण राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात विज्ञानकथेच्या नावाखाली जे पोचलं ते हेच. रविवारी दुपारी लाइट गेली तर कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचं आणि तिच्यावर टीव्ही लागायचा. अब्बा दारातून जाता जाता म्हणायचे, "ये क्या गोल गोल फिरते रे, चक्कर नहीं आती इसको?" आणि मग तेही उंबऱ्यावर बसून पूर्ण भाग बघायचे.

सिरियल संपली की शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत आमचा खेळ. मी अम्मीची ओढणी गळ्याला बांधून पळत जायचो. शक्तिमान व्हायची माझी पाळी आली त्या दिवशी माझा वर्गमित्र म्हणाला, "तू कसा होशील? शक्तिमान शास्त्री आहे." खरंच होतं ते. गंगाधरचं पूर्ण नाव गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. आम्हाला सगळ्यांना ते पाठ होतं, मलाही होतं. तो पुढे म्हणाला, "तू किल्विश हो." तमराज किल्विश, म्हणजे अंधाराचा राजा. मग मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि किल्विश झालो. चांगला व्हायचो, खोटं कशाला बोलू. सगळ्यात मोठ्याने हसायचो.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आठ वर्षांचा पोरगा. तो नाव वाचत होता आणि भूमिका वाटत होता. टीव्हीवरच्या किल्विशला धर्म नव्हता. तो आमच्या मैदानात मिळाला.

आता आजच्या गोष्टीवर येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनीने शक्तिमानवर चित्रपट काढणार असं जाहीर केलं आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भूकंप झाला. चांगली पस्तिशीकडे झुकलेली माणसं. कोणाचं खताचं दुकान, कोणी साखर कारखान्यात, कोणी माझ्यासारखे हिंजवडीत. सगळ्यांचं एकमत झालं, की हे लोक वाटोळं करणार. पुढे रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं तेव्हा खुद्द मुकेश खन्नांनीच २०२४ मध्ये जाहीर नापसंती दाखवली, आणि ग्रुपला जणू फतवाच मिळाला. मीही त्यात होतो. "आमचं बालपण विकायला काढलंय" असा मेसेज मी स्वतः टाकला होता. चित्रपटाचं एक दृश्यसुद्धा तेव्हा चित्रित झालेलं नव्हतं.

नव्याकडे संशयाने बघणं चूक, असं मी म्हणणार नाही. माझा पगारच संशयासाठी आहे. कोणी नवीन कोड लिहून आणला की मी पहिल्यांदा हेच विचारतो, की यामुळे जुनं काय मोडलं? पण तिथे एक नियम आहे. कोड चालवून बघितल्याशिवाय "हा नापास" असं मला लिहिता येत नाही. कोणी लिहिलाय हे बघून नापास केला, तर मलाच घरी पाठवतील.

हा नियम मी टीव्हीच्या बाबतीत कसा मोडला ते सांगतो.

इंजिनिअरिंगला होस्टेलवर 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश मालिका हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर फिरायची. (सकाळच्या सत्रातल्या वकील मॅडमनी हे ऐकलं नाही असं समजतो.) बीबीसीवर ती १९६३ मध्ये सुरू झाली. मधे बरीच वर्षं बंद होती, २००५ मध्ये परत आली. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. त्याचं यान बाहेरून पोलिसांचा निळा फोनबूथ, आत मात्र वाडा. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजे नट बदलतो. १९६६ मध्ये पहिला नट गेला आणि दुसरा आला, तेव्हापासून दर वेळी तिचे चाहते म्हणतात, "संपली सिरियल." सिरियल काही संपत नाही.

तिला फाटेही भरपूर फुटले. १९८१ मध्ये तिच्यातल्या यांत्रिक कुत्र्याला घेऊन वेगळी मालिका काढायचा प्रयत्न झाला, तो एका भागात आटोपला. २००६ मध्ये 'टॉर्चवुड' आलं, ते चांगलं चाललं. मग मुलांसाठी 'सारा जेन' आली, तीही चालली. तिच्यातली राणी चंद्रा नावाची भारतीय वंशाची मुलगी माझी फार आवडती. २०१६ चं 'क्लास' आठ भागांत गुंडाळलं. आणि डिसेंबर २०२५ मध्ये समुद्रातल्या जीवांशी माणसाच्या संघर्षाची पाच भागांची मालिका आली. येण्याआधीच ओरड झाली, की डॉक्टरच नाही तर बघायचं काय? त्यात एक साधा कारकून सगळ्या माणसांचा दूत होऊन वाटाघाटीला बसतो. मला सुरुवात आवडली, शेवट उरकल्यासारखा वाटला. हे मी पाहून सांगतोय, एवढाच मुद्दा आहे. संशय घेणारे कधी बरोबर ठरतात, कधी तोंडावर पडतात.

मी तोंडावर पडलो २०१८ मध्ये. त्या वर्षी पहिल्यांदा बाई डॉक्टर झाली आणि तिच्या सोबत्यांमध्ये आली यास्मिन खान. शेफील्डची, पाकिस्तानी कुटुंबातली, पोलिसात नवीन लागलेली मुस्लिम मुलगी. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मित्र म्हणाला, "कोटा भरलाय." आणि त्याच्याआधी मीच मान हलवली. म्हणालो, "हो ना, घुसवलंय उगाच." त्या टेबलावर मुसलमान मी एकटाच. मला वाटतं, मी जरा घाईनेच म्हणालो. आपण किती निष्पक्ष, किती खरे चाहते, हे दाखवायची मला घाई होती. तुमच्यातल्या कितीतरी जणांना ही घाई ओळखीची असेल.

घरी आल्यावर आपाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती शाळेत शिकवते, सिरियलशी तिचा संबंध नाही. तिने एवढंच विचारलं, "घुसवलं म्हणजे? मधे जागा नव्हती का?"

नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या मालिकेत फाळणीवरचा भाग आला. लेखक विनय पटेल. यास्मिनला तिच्या नानीचं तरुणपण बघायचं असतं, म्हणून सगळे १९४७ च्या पंजाबात जातात. तिथे कळतं, की नानीचं पहिलं लग्न एका हिंदू तरुणाशी ठरलेलं. आणि त्या नवरदेवाचा जीव घेणारी टोळी परग्रहावरून येत नाही, ती त्याच्या सख्ख्या भावाबरोबर येते. त्यातले परग्रहवासी काय करतात माहितीये? एकटं मरणाऱ्या माणसाजवळ साक्षीला उभे राहतात. मी तो भाग आपाबरोबर बघितला. ती काहीच बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही. पडद्यावर एक मुसलमान मुलगी होती, ती लग्नाच्या गडबडीत होती. कोणाला काही सिद्ध करून दाखवत नव्हती.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. पुढचं ऐका. यास्मिन तीन सीझन राहिली, आणि लेखकांनी तिला धड काम दिलं नाही. भागामागून भाग ती मागे उभी राहून प्रश्न विचारते. ही त्या काळातली खरी खोट होती. आणि मला, स्वतःला मोठा चाहता म्हणवणाऱ्याला, ती दोन वर्षं दिसलीच नाही. कारण ती तिथे का आहे, यातच मी अडकलो होतो. आल्यावर तिला वागवलं कसं, हे विचारायचं राहून गेलं. नोकरीत, कमिटीत, पक्षात आपल्यातल्या कोणाची नेमणूक झाली की आपलं आणि बाहेरच्यांचंही असंच होतं. सगळी चर्चा त्याला घेतला का यावर. त्याला काम काय दिलं, सही करायचा अधिकार दिला का, हे कोणी बघत नाही.

आणि घुसवण्याचंच म्हणाल, तर एक गोष्ट मला फार उशिरा कळली. २३ नोव्हेंबर १९६३ ला 'डॉक्टर हू'चा पहिला भाग दाखवला गेला, त्याचा दिग्दर्शक कोण? वारिस हुसेन. जन्म लखनौ, १९३८. वय तेव्हा चोवीस. लेखिका अतिया हुसेन यांचा हा मुलगा. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, सत्तावीस वर्षांची बाई, आणि तेव्हाच्या बीबीसीत नाटक विभागात बाई निर्माती म्हणजे नवलच. म्हणजे ज्या "मूळ" मालिकेत बाया आणि आशियाई घुसवले म्हणून आम्ही कॅन्टीनमध्ये नाकं मुरडत होतो, तिचा पायाच त्यांनी घातलेला. मूळ मूळ म्हणून ओरडणाऱ्याने एकदा मूळ उघडून बघावं. मी उघडलं नव्हतं.

थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो, सोपं आहे. आमच्याकडे चालू प्रोग्रामची प्रत काढून कोणीही तिच्यावर आपलं वेगळं काम करू शकतो, त्याला फोर्क म्हणतात. त्याने मूळ प्रोग्रामला ओरखडाही येत नाही. मालिकेतून निघालेली नवी मालिका म्हणजे फोर्क. नाही आवडली, सोडून द्या, जुनी हार्ड डिस्कवर तशीच आहे. दुसरा एक प्रकार असतो, मागे जाऊन जुना इतिहासच बदलणं. त्यावर आमच्याकडे भांडणं होतात आणि झालीच पाहिजेत. मार्च २०२० मध्ये 'डॉक्टर हू'ने ते केलं. पहिला डॉक्टर पहिला नव्हताच, त्याच्याआधी बरेच होऊन गेले, असं सांगून टाकलं. त्यावर चिडलेल्यांच्या बाजूने मी आजही आहे.

आता शक्तिमान. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ती परत दाखवली, तेव्हा भाचीला हौसेने शेजारी बसवलं. ती पोट धरून हसली. "मामू, याला दोरीने लटकवलंय." मी तिला गप्प करायला गेलो आणि माझ्याच लक्षात आलं, की भाषणं केवढी लांबलचक आहेत. माझ्या डोक्यातली मालिका जास्त चांगली होती.

चित्रपटाबद्दल माझा संशय गेलेला नाही. नट कोण, यावरचा मात्र गेला. जो असेल त्याला आधी बघू. माझी भीती वेगळी आहे. अलीकडच्या कितीतरी ऐतिहासिक हिंदी चित्रपटांत खलनायक आला की डोळ्यांत सुरमा, मागे हिरवं, तोंडात मांस. उद्या कोणी किल्विशला तसं नटवलं तर? आमच्या मैदानात आठ वर्षांच्या पोराने न कळत केलं, ते कोट्यवधी रुपये खर्चून कळून-सवरून केलं तर? तसं दिसलं तर मी बोलेन, आणि बघून बोलेन. कोणत्या दृश्यात, कोणत्या पोशाखात, हे सांगून बोलेन. दिसलं नाही तर तेही सांगेन, ग्रुपवर, ज्यांनी माझा तो बालपणाचा मेसेज वाचलाय त्यांनाच.

तो वर्गमित्र अजून माझा मित्र आहे. खताचं दुकान त्याचंच. मागच्या ईदला शीरखुर्मा खाताना मी त्याला मैदानातली गोष्ट सांगितली. त्याला आठवतच नव्हती. बराच वेळ वाटीतल्या खारका बाजूला करत राहिला, मग म्हणाला, "मी खरंच असं म्हणालो?" म्हटलं, हो. म्हणाला, "पण तू किल्विश भारी व्हायचास रे."

चित्रपट आला की नगरला पहिला शो बघायचा, असं ठरलंय. तिकिटं तो काढणार. भाचीला नेणार आहे, ती म्हणते मी हसले तर ओरडायचं नाही.