पोल्ट्रीतून परसात आलेली कोंबडी : तिची प्रकृती आणि अंडी
(भाषणाचा मजकूर)



कुंडल-पलूस भागात ऊस-द्राक्षाबरोबर दारात चार कोंबड्या असतात आणि घरच्या बाईचा मीठ-मिरचीचा खर्च अंड्यांवर निघतो. अंड्यांच्या पोल्ट्रीत कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की काढून टाकतात. ती स्वस्तात मिळते म्हणून, किंवा कापली जाऊ नये म्हणून, कोणी घरी आणतो. आठ-दहा दिवसांत अंडी बंद होतात, पिसे झडतात, आणि घरात बोलणे सुरू होते, "आजारी कोंबडी गळ्यात मारली." मग ऐकीव औषधांचा मारा होतो. तो करण्याआधी चार गोष्टी ध्यानात घ्या.

अंडी का थांबतात?

अंड्यावर राहण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. पोल्ट्रीत तो दिवे लावून देतात. आपल्याकडे पौषात दिवस जेमतेम ११ तासांचा आणि ज्येष्ठात १३ तासांच्या आसपास असतो. उजेड कमी झाला, जागा बदलली, खाद्य बदलले, की कोंबडी अंडे थांबवून पिसे बदलते. याला दोन-तीन महिने लागतात. ती खात-पीत असेल, डोळे तरतरीत असतील, तर हा आजार नव्हे. तिला विसावा द्या. पुढे ती पुन्हा अंडी देईल, पण पहिल्या वर्षाइतकी देणार नाही. हिशेब त्या बेताने धरावा.

आल्यावर पहिले काय करावे?

नवी कोंबडी निदान तीन आठवडे गावठी कोंबड्यांपासून लांब, वेगळ्या खुराड्यात ठेवा. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नवीला. ती दिसायला धडधाकट असली तरी सोबत रोग आणू शकते, आणि एका कोंबडीपायी आख्ख्या गल्लीच्या कोंबड्या जाऊ शकतात.

पिंजऱ्यातल्या कोंबडीची हाडे ठिसूळ असतात. पाय धरून उलटी लटकवू नका. बसायची काठी वीतभर उंचीवरच बांधा. बहुतेकींची चोच कापलेली असते, त्यामुळे जमिनीवरचा दाणा नीट टिपता येत नाही. खाद्य खोलगट भांड्यात द्या. पाणीही दाखवावे लागते; एकदोनदा चोच बुडवली की ती शिकते.

पातळ सालीचे अंडे

एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारी-मक्यात ते नावापुरतेच. नुसत्या दाण्यावर ठेवलेली कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते, मग साल पातळ होते आणि पुढे पाय लुळे पडतात. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीचे तयार खाद्य रोज १०० ते ११० ग्रॅम द्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, हवा तेवढा ती खाईल. घरची टरफले द्यायची तर भाजून बारीक कुटून द्या. अख्खी टाकली तर अंडी फोडून खायची सवय लागते. पिसे येताना खाद्यात तोड करू नका. चैत्र-वैशाखात पाणी सावलीत ठेवून दोन-तीनदा बदला.

खरा आजार कसा ओळखावा?

शेपूट खाली टाकून कोंबडी कुंथत असेल तर अंडे अडकले असावे. पोटापर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवा, मग कोरडी करून अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. अंडे दाबून फोडू नका. काही तासांत सुटले नाही, किंवा मांस बाहेर आले, तर डॉक्टरांकडे न्या. पोट पाण्याच्या पिशवीसारखे फुगले असेल तर घरगुती उपाय नाही.

तुरा फिका पडला, कोंबडी वाळत चालली, तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहा. गोचीड दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त पिते. फटी लिंपून घ्या. विष्ठेत जंत दिसले तर औषधाचे प्रमाण डॉक्टरांना विचारा.

हिरवट-पांढरी हगवण, धाप, मान वाकडी होणे ही राणीखेतची लक्षणे. या रोगावर औषध नाही, लस आहे. लशीची बाटली बहुधा शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते, म्हणून गल्लीतल्या सर्वांनी मिळून एकाच दिवशी टोचून घ्यावी. लस बर्फातच आणावी. बऱ्याच कोंबड्या एकाएकी मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापुरात आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू आला होता, हे विसरून चालणार नाही.

प्रतिजैविक औषध दिले असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती अंडी खाऊ नका, विकूही नका.

थोडक्यात, अंडी थांबली म्हणून घाबरू नका. उजेड, खाद्य, पाणी आणि खुराडे आधी पाहा. औषध त्यानंतर, आणि तेही विचारून.