गणेशखिंडीचा राजवाडा



शहागंजांत मी राहतों तेथें घड्याळाचा जुना मनोरा आहे. तो पाहिला कीं मला दुसरा एक मनोरा आठवतो. तो पुण्यास गणेशखिंडींत आहे. शाळेची सहल घेऊन तेथें गेलों असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "गुरुजी, हें घर कोणाचें?" त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें आज पुरें करितों.

हें घर मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरासाठीं बांधिलें. सर बार्टल फ्रियर यांनीं १८६४ सालीं कामास आरंभ केला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढले होते व मुंबईंत पैसा खेळत होता. जेम्स ट्रबशॉ या वास्तुशिल्पकारानें इमारतीवर इटालियन धर्तीचा उंच मनोरा योजिला. काम पुरें व्हावयास १८७१ साल उजाडलें. तोंवर फ्रियरसाहेब विलायतेस परतले होते आणि कापसाची तेजीहि ओसरली होती. पुढें पावसाळ्यांत गव्हर्नर येथें राहावयास येत.

२२ जून १८९७ च्या रात्रीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झालीं म्हणून या वाड्यांत मोठा समारंभ होता. शहरांत मात्र लोक प्लेगनें व प्लेगच्या बंदोबस्ताच्या जाचानें गांजले होते. समारंभाहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनीं याच वाड्याच्या रस्त्यावर गोळी झाडली.

त्याच सालीं, १० मार्च रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां त्याच रोगानें वारल्या होत्या. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हां तेथें शिकवावयास जातांना याच बाईंनीं अंगावर शेणमाती झेलली होती. दिव्यांनीं उजळलेल्या त्या वाड्यांत त्यांची आठवण कोणास झाली असेल, असें वाटत नाहीं.

परंतु दिवस पालटले. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु झाले, आणि गव्हर्नरांचा हा वाडा विद्यापीठाची मुख्य इमारत झाला. जेथें आमंत्रणावांचून पाऊल टाकतां येत नसे, तेथें खेड्यापाड्यांतून मुलें-मुली शिकावयास येऊं लागलीं. २०१४ सालीं या विद्यापीठास सावित्रीबाईंचें नांव देण्यांत आलें.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. त्या आवारांत पाहुणा म्हणूनच फिरलों. त्या मुलीला मात्र आज सांगतों: बाळ, हें घर गव्हर्नरासाठीं बांधिलें होतें. आतां तें तुझें आहे. अभ्यास करून तेथें जा.