रंग आणि आठवण



रंगीत छायाचित्र म्हणजे आनंद आणि काळेपांढरे म्हणजे खिन्नता, अशी एक समजूत आपणां सर्वांच्या मनात घर करून बसलेली असते. रोबेर द्वानो या फ्रेंच छायाचित्रकाराने ती उलटी करून टाकली, असे आम्हांस वाटते.

द्वानोचा जन्म १९१२ साली पॅरिसच्या वेशीबाहेरील जांतीई या उपनगरात झाला. आई लहानपणीच वारली. मुलगा इतका लाजाळू, की कॅमेरा हाती आल्यावर त्याने आधी रस्त्याच्या फरसबंदीचे दगड टिपले, मग मुले. मोठ्या माणसांकडे वळण्याचे धैर्य सावकाश आले. १९४९ साली लेखक ब्लेज सांद्रार याच्याबरोबर त्याने पॅरिसच्या उपनगरांवर पुस्तक काढले. भिंती काळवंडलेल्या, आभाळ धुरकट. पण त्यांत पोरे आहेत, प्रेमिक आहेत, कामकऱ्यांचा रविवार आहे. चित्रे काळीपांढरी, पण ऊब माणसांची.

१९६० साली अमेरिकेतील 'फॉर्च्यून' मासिकाने त्याला पाम स्प्रिंग्ज येथे पाठविले. वाळवंटात उभारलेली गोल्फची मैदाने टिपावयाची होती. येथे त्याने रंग वापरले. हिरवळ हिरवीगार, तलाव निळेशार, श्रीमंत मंडळी आरामात. आणि तरीही पाहणाऱ्याला एकाकी वाटते. वाळूवर अंथरलेली ती हिरवळच सांगते, की येथे सारे विकत आणलेले आहे!

१९८४ साली फ्रान्स सरकारच्या एका योजनेसाठी द्वानो पुन्हा पॅरिसच्या उपनगरांत गेला, तोही रंगीत फिल्म घेऊन. वय बहात्तर. जुन्या गल्ल्यांच्या जागी उंच इमारती, त्यांना रंगरंगोटी. माणूस क्वचितच दिसतो. काळेपांढरे वापरून त्याला जुनी ऊब परत आणल्याचा आभास करता आला असता. त्याने तो केला नाही. ह्या प्रामाणिकपणाचे मोल आम्हांस फार वाटते.

कारण आठवणही काळीपांढरीच असते. ती गल्लीतली पोरे जपून ठेवते आणि घरांतली ओल, कुबट वास विसरते. नव्या इमारतींत नळाला पाणी आले, खोलीत उजेड आला, तेही खरेच. म्हणून जुन्या दिवसांसाठी उसासे टाकण्यापूर्वी, आणि नव्या रंगांवर भाळण्यापूर्वीही, द्वानोच्या दोन्ही चित्रांपुढे उभे राहून एकच प्रश्न विचारावा : यात शेजारी कोठे आहे?

तो प्रश्न आपल्याही गावाला लागू पडतो.