अमेरिकेतील सत्तांतर आणि संरक्षणनीतीचे सातत्य



अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक लागली की तिकडच्या उमेदवारांच्या स्वभावाची आणि भाषणांची चर्चा इकडच्या वृत्तपत्रांतही रंगते. डेमॉक्रॅट निवडून आला म्हणजे शांततेचे दिवस आले आणि रिपब्लिकन आला म्हणजे युद्धाचे ढग जमले, असा एक समज पुरोगामी वर्तुळांतही रूढ आहे. गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात या समजाला फारसा आधार सापडत नाही. कर, आरोग्यविमा, वर्णभेद, गर्भपात या प्रश्नांवर त्या दोन पक्षांत खरे आणि कडवे मतभेद आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या क्षेत्राला तेथे ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हणतात, त्या क्षेत्रात सत्तांतर झाले तरी धोरणांतर बहुधा होत नाही. असे का घडते याचा विचार अध्यक्षांच्या चारित्र्याच्या अंगाने करून भागत नाही. तो संस्था, कायदे आणि पैसा यांच्या अंगाने करावा लागतो.

या व्यवस्थेचा पाया १९४७ च्या जुलैत घातला गेला. अध्यक्ष ट्रुमन यांच्या कारकिर्दीत झालेल्या एकाच कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद व मध्यवर्ती गुप्तवार्ता संघटना म्हणजे सीआयए या संस्था जन्माला आल्या आणि तिन्ही सेनादले एका मंत्र्याच्या छत्राखाली आली. १९५० च्या एप्रिलमध्ये या परिषदेपुढे ‘एनएससी ६८’ नावाचा दस्तऐवज आला. सोव्हिएत रशियाला जगभर पायबंद घालण्यासाठी प्रचंड शस्त्रसज्जता हवी, असे त्याचे प्रतिपादन होते. जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि संरक्षणखर्च पाहता पाहता तिपटीहून अधिक झाला. ज्या दस्तऐवजाने एवढी उलथापालथ घडविली तो १९७५ पर्यंत गुप्त राहिला. १९५२ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी ‘पायबंदाचे धोरण भेकडपणाचे आहे, आम्ही कम्युनिझमला मागे रेटू’ अशी गर्जना केली. १९५६ मध्ये हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले तेव्हा आयसेनहॉवर आणि डलेस यांनी ट्रुमन यांचेच पायबंदाचे धोरण चालविले. लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या युतीपासून सावध राहा, हा आयसेनहॉवर यांचा १७ जानेवारी १९६१ चा इशारा सर्वश्रुत आहे. तो पद सोडण्यास तीन दिवस उरले असताना दिला गेला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

केनेडी यांनी १९६० चा प्रचार ‘क्षेपणास्त्रांत अमेरिका मागे पडली’ या आरोपावर केला होता. सत्तेवर आल्यावर आढळले की तफावत आहे, पण ती अमेरिकेच्या बाजूने. तरीही क्षेपणास्त्रांची बांधणी थांबली नाही, वाढलीच. क्यूबावरील स्वारीचा बेत आयसेनहॉवर यांच्या काळात शिजला. १९६१ च्या एप्रिलमध्ये तो केनेडींनी अमलात आणला आणि फसला. व्हिएतनामात १९६० अखेर सुमारे ९०० अमेरिकन लष्करी सल्लागार होते, १९६३ अखेर सुमारे १६,००० झाले. जॉन्सन १९६४ ची निवडणूक संयमाच्या भाषेवर जिंकले आणि १९६५ च्या मार्चमध्ये त्यांनी लढाऊ तुकड्या उतरविल्या. १९६८ पर्यंत तेथील सैन्य पाच लाखांवर गेले. पुढे निक्सन सन्मान्य शांततेचे वचन देऊन आले आणि १९६९ मध्येच कंबोडियावर गुप्त बाँबवर्षाव सुरू झाला.

या साखळीचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द संरक्षण खात्यानेच तयार करून ठेवला होता. संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी १९६७ मध्ये व्हिएतनाम धोरणाचा इतिहास लिहविला. तोच ‘पेंटॅगॉन पेपर्स’ या नावाने डॅनियल एल्सबर्ग यांनी १९७१ च्या जूनमध्ये वृत्तपत्रांपर्यंत पोचविला. १९४५ ते १९६७ या काळात दोन पक्षांच्या चार अध्यक्षांनी जनतेला एक सांगितले आणि प्रत्यक्षात दुसरे केले, हे त्या सुमारे ७,००० पानांत नोंदलेले आहे. त्यात निक्सन यांच्या कारकिर्दीचा एक दिवसही नव्हता. बदनामी व्हायची ती प्रामुख्याने त्यांच्या प्रतिपक्षाच्या केनेडी-जॉन्सन यांची होती. तरीही छपाई रोखण्यासाठी निक्सन सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सहा विरुद्ध तीन मतांनी हरले. गुप्ततेचा अधिकार ही अध्यक्षपदाची वारसाहक्काने आलेली मिळकत आहे. ती प्रत्येक नवा वारस, आधीचा धनी कोणत्याही पक्षाचा असला तरी, जिवापाड राखतो.

या सातत्यामागचे अर्थकारणही पाहावयास हवे. बॅरन आणि स्वीझी यांनी १९६६ मध्ये असे मांडले की मक्तेदार भांडवलशाहीला आपले वाढावे खपविण्यासाठी लष्करी खर्च लागतोच. ही मांडणी आज जशीच्या तशी पटण्यासारखी नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा लष्करावर जात असे. तो आता साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे आणि भांडवलशाही काही त्यामुळे कोसळलेली नाही. अधिक उपयुक्त आहे ते सीमूर मेलमन यांचे १९७० मधील विवेचन. पेंटॅगॉन ही एका अवाढव्य सरकारी कारखान्याची कचेरी झाली असून ती कंत्राटांच्या द्वारे उद्योगांवर हुकमत चालविते, असे त्यांनी दाखविले. बी-१ या बाँबफेकी विमानाची कथा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. ३० जून १९७७ रोजी कार्टर यांनी ही योजना रद्द केली. परंतु नमुन्याच्या विमानांची उड्डाणे आणि संशोधनाचा पैसा चालूच राहिला. जवळजवळ सर्व राज्यांत विखुरलेले उपकंत्राटदार आणि त्या त्या मतदारसंघांचे प्रतिनिधी गप्प बसले नाहीत. १९८१ मध्ये रेगन यांनी अशी १०० विमाने बांधण्याची घोषणा केली. विमानाच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत वाद होते. त्यातून मिळणाऱ्या रोजगाराविषयी कोणालाच शंका नव्हती. ज्या गावाची भाकरी बाँबच्या कारखान्यावर अवलंबून आहे, तेथील कामगार संघटनेकडून निःशस्त्रीकरणाच्या ठरावाची अपेक्षा करणे सोपे नाही, याची जाणीव समाजवाद्यांनी तरी ठेवावयास हवी.

रेगन यांचा शस्त्रविस्तार हाही वस्तुतः कार्टर यांच्या अखेरच्या दोन वर्षांत सुरू झाला होता. पर्शियाच्या आखातासाठी युद्ध करण्याची घोषणा १९८० च्या जानेवारीत कार्टर यांनीच केली, आणि अफगाण बंडखोरांना मदत देण्याच्या गुप्त आदेशावर त्यांनी रशियन फौजा येण्यापूर्वी, १९७९ च्या जुलैत, सही केली होती. या धोरणाची झळ भारताला लागली. पाकिस्तान अणुबाँबच्या मार्गावर आहे म्हणून १९७९ च्या एप्रिलमध्ये कार्टर यांनी कायद्यानुसार त्याची मदत तोडली. रशिया अफगाणिस्तानात उतरताच त्यांनीच ४० कोटी डॉलर देऊ केले. जनरल झिया यांनी ते ‘शेंगदाणे’ म्हणून झिडकारले (कार्टर भुईमुगाचे शेतकरी होते). मग रेगन यांनी १९८१ मध्ये ३२० कोटींची सोय केली आणि त्यासाठी कायद्यातून सूट मिळविली. तारापूरच्या बाबतीत मात्र हीच लवचीकता दिसली नाही. १९६३ च्या कराराने तेथील वीजकेंद्राला समृद्ध युरेनियम पुरविण्याचे अमेरिकेने मान्य केले होते. १९७८ च्या नव्या कायद्यामुळे तो पुरवठा अडला. १९८० मध्ये कार्टर यांच्या खास शिफारशीने एक खेप सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशी कशीबशी सुटली, आणि रेगन यांच्या काळात, १९८२ मध्ये, इंधन फ्रान्सकडून घेण्याचा तोडगा निघाला. पक्ष बदलला तरी तारापूरला कायदा आणि रावळपिंडीला सूट, हा भेद कायम राहिला. सातत्य कायद्याच्या अक्षरात नव्हते. ते सामरिक हिशेबात होते.

नव्या शतकातही चित्र फारसे निराळे नाही. बुश यांचे संरक्षणमंत्री गेट्स यांना ओबामा यांनी त्याच खुर्चीवर २०११ पर्यंत ठेवले. ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश ओबामा यांनी २२ जानेवारी २००९ रोजी काढला; काँग्रेसने कैदी हलविण्यास अडथळे आणले, ट्रंप यांनी २०१८ मध्ये तुरुंग चालू ठेवण्याचा आदेश दिला, आणि २०२५ च्या जानेवारीत बायडेन पायउतार झाले तेव्हा तेथे १५ कैदी होते. ट्रंप यांनी चिनी मालावर बसविलेली जकात बायडेन यांनी उठविली नाही. २०२० मध्ये ट्रंप यांनी तालिबानशी केलेला करार २०२१ च्या ऑगस्टमध्ये बायडेन यांनी पुरा केला.

हे सारे एखाद्या छुप्या कटाचे फळ आहे, अशी भाषा अलीकडे अमेरिकेतील उजवे लोक करतात. ती भाषा डाव्यांनी उचलू नये. प्राध्यापक मायकेल ग्लेनन यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात ‘दुहेरी शासना’ची कल्पना मांडली: अध्यक्ष, काँग्रेस आणि न्यायालये शोभेला, आणि निर्णय मात्र सुरक्षाखात्यांच्या जाळ्याच्या हाती. त्यातही कट अभिप्रेत नाही. कायदे छापील आहेत, कंत्राटे जाहीर होतात, अंदाजपत्रक काँग्रेस संमत करते. ‘छुप्या राज्या’शी लढण्याची भाषा करणाऱ्या ट्रंप यांनी २०२५ मध्ये परदेशी मदतीची संस्था गुंडाळली, संरक्षणासाठी मात्र त्यांनी २०२६ या वर्षाकरिता एक लाख कोटी डॉलरच्या घरातली मागणी केली.

हे सातत्य जेथे खरोखर तुटले, तेथे ते पैशाच्या दोरीने तुटले. रस्त्यांवरील युद्धविरोधी आंदोलनाचा रेटा काँग्रेसपर्यंत पोचला, तिने निधी अडविला आणि १५ ऑगस्ट १९७३ रोजी कंबोडियावरील बाँबवर्षाव थांबला. १९७६ मध्ये अंगोलातील छुप्या मदतीवर बंदी आली. आंदोलन ओसरले आणि १९८५ मध्ये ती बंदीही उठली.

१४ सप्टेंबर २००१ रोजी अध्यक्षांना दहशतवादाविरुद्ध बळाचा वापर करण्याची मुभा देणारा ठराव प्रतिनिधिगृहात आला, तेव्हा ४२० मते बाजूने पडली आणि विरोधात एकच, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे. या ठरावाला मुदत नाही. अनेक देशांतील कारवायांसाठी बुश यांच्यानंतरच्या अध्यक्षांनीही त्याचाच आधार घेतला. तो रद्द करावा म्हणून ली वर्षानुवर्षे विधेयके आणीत राहिल्या. २०२५ च्या जानेवारीत त्या प्रतिनिधिगृहातून बाहेर पडल्या, तेव्हा तो अमलात होता.