मुक्या माराची साक्ष
(मुर्धा, भाईंदर येथे दिलेले व्याख्यान)



मारहाणीचा खटला पुष्कळदा एका कागदावर उभा राहतो अथवा कोसळतो. तो कागद म्हणजे डॉक्टरांचा जखमांचा दाखला होय.

मुक्या मारात कातडी फुटत नाही. आतील बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळते. हा डाग साक्ष देतो. गोल काठीच्या फटक्याने दोन समांतर वळ उमटतात व मधली जागा फिकी राहते. परंतु ही साक्ष संयमाने वाचावी लागते. निळा डाग पुढे हिरवट व पिवळसर होतो. तरी केवळ रंगावरून माराचा नेमका दिवस ठरत नाही. खोल मार एकदोन दिवसांनी वर दिसतो, आणि सावळ्या कातडीवर तो सहज ओळखू येत नाही. म्हणून डाग दिसला नाही, एवढ्याने मार बसलाच नाही असे ठरत नाही. मग स्त्रीची संमती होती असे तर मुळीच ठरत नाही.

हे समजण्यास किती विलंब लागला पाहा. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरले. परंतु 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, व अंगावर इजा नसणे हे त्यामागील एक कारण होते. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावयाचे आहे. शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असे नव्हे, हेही 2013 साली कायद्यात लिहिले गेले.

तरीही दाखल्याचे महत्त्व कमी होत नाही. मार बसल्यास त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. प्रत्येक डागाची जागा, लांबीरुंदी, आकार व रंग लिहून घेण्याची विनंती करा. दोन दिवसांनी नवा डाग उमटल्यास पुन्हा दाखवा. अटक झालेल्या माणसाच्या तपासणीत जखमा व त्या केव्हा झाल्या असाव्यात याची नोंद डॉक्टरांनी करावयाची असते. तिची प्रत मिळणे हा त्याचा हक्क आहे. ती मागताना संकोच करू नका, आणि मिळालेला कागद जपून ठेवा.